कणीक, भेंडी, हळद आणि रद्दी: लहान मुलांसोबत घरी काय काय करता येतं

दोन ते सहा वर्षांचं मूल घरात असेल आणि बाहेर धो धो पाऊस असेल किंवा शाळेला सुट्टी असेल तर दुपारी चार वाजेपर्यंत घराची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. माझं ठाम मत आहे की या वयात मुलांना खेळण्यांपेक्षा हातांना काम हवं असतं, मळायला, फाडायला, ठोकायला, ओतायला, चिकटवायला काहीतरी हवं, आणि ते सगळं सामान आपल्या स्वयंपाकघरात आणि रद्दीच्या गठ्ठ्यात आधीच पडलेलं असतं. आपल्याकडे हे फार आधी करून दाखवलंय. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोदकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघही त्यांच्यासोबत होत्या, आणि माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून पानं, बिया, दगड, शिंपले असं आजूबाजूला मिळेल ते वापरून त्यांनी मुलांना शिकवलं. त्यामुळे ऑनलाईन हजार रुपयांचं क्राफ्ट किट मागवायच्या आधी हे वाचा.

आधी थोडी मांडामांड

रंगाचं किंवा चिखलाचं जे काही असेल ते आंघोळीच्या आधी ठेवा, नंतर नाही, यातच निम्मी कटकट संपते. खाली जुनी चादर किंवा प्लॅस्टिक अंथरा, अंगात बाबांचा जुना टीशर्ट घाला, आणि एका वेळी एकच गोष्ट समोर ठेवा कारण कात्री, रंग, गोंद, कागद सगळं एकदम मांडलं की मूल गोंधळतं आणि कशातच रमत नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल दहा मिनिटं एका गोष्टीत गुंतलं तरी ते खूप आहे, उठून गेलं तर जाऊ द्या, बऱ्याचदा थोड्या वेळाने स्वतःच परत येतं.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मणी, बटणं, शेंगदाणे, राजमा, वाटाणे असलं बारीक काहीही हातात देऊ नका, तोंडात किंवा नाकात घालतात. मोठ्या भावंडासाठी हे काढलं असेल तर खेळ संपल्यावर जमीन नीट बघून घ्या.

कणकेची माती

हे सगळ्यात पहिलं करा. बाजारात क्ले मिळतो पण घरचा जास्त मऊ होतो, हवा तेवढा करता येतो आणि वाया गेला तरी जीव हळहळत नाही.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, दोन चमचे तेल आणि एका लिंबाचा रस. लिंबाऐवजी चमचाभर लिंबूसत्व पण चालतं. सगळं कढईत घालून आधी गुठळ्या मोडून घ्या आणि मग मंद गॅसवर हलवत राहा. सुरुवातीला पिठल्यासारखं दिसेल आणि वाटेल की हे काही जमत नाहीये, पण तीन-चार मिनिटांनी कढईच्या कडा सोडायला लागतं आणि मधे गोळा जमतो. गोळा झाला की लगेच गॅस बंद, जास्त शिजवलं तर रबरासारखं होतं. ताटात काढून हाताला सोसेल इतकं थंड झालं की मळून घ्या आणि हा मळायचा भाग मुलांनाच द्या, कोमट गोळा हातात आला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

रंगासाठी पाण्याच्या जागी बीटाचं पाणी घेतलं तर छान गुलाबी होतो, हळदीचा पिवळा, पालक वाटून गाळून घेतला तर हिरवा. हे रंग थोड्या दिवसांनी फिके पडतात, टिकायला हवे असतील तर खायचा रंग घाला. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं तर दोन आठवडे सहज राहतं. पावसाळ्यात मीठ ओल धरतं त्यामुळे गोळा चिकट होतो, तेव्हा थोडा कोरडा मैदा लावून परत मळायचं. बुरशी दिसली किंवा वास आला की सरळ टाकून द्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, यात मीठ खूप आहे आणि लहान मुलाने ते बरंच खाल्लं तर त्रास होऊ शकतो, म्हणून जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला पोळीच्या कणकेचा साधा बिनमिठाचा गोळा द्या. घरात कुत्रा-मांजर असेल तर हा डबा त्यांच्यापासूनही लांब.

सोबत काय द्यायचं तर छोटं पोळपाट-लाटणं, वाटी, काटा-चमचा, चकलीचा सोऱ्या. सोऱ्या तर द्याच. शेवेची जाळी लावून मूल तो दांडा जोर लावून फिरवतं आणि खालून शेवया येतात तेव्हा त्याला आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटतं, आणि खरंच मनगटाला, बोटांना चांगला व्यायाम होतो जो पुढे पेन्सिल धरायला कामी येतो. चाळणीवर गोळा दाबला की ठिपके, कंगव्याने रेघा, कढीपत्त्याचं किंवा तुळशीचं पान दाबलं की शिरांसकट ठसा. तुम्ही बाजूला बसून गणपती करून दाखवायला लागलात ना की मूल स्वतःचं सोडून "तूच करून दे" म्हणायला लागतं, म्हणून तुम्ही पण नुसत्या गोळ्या वळा, साप करा, त्याच्याच लेव्हलचं काहीतरी करा.

भाजीचे ठसे

भेंडी आडवी कापली की आत पाच पाकळ्यांचं फूल असतं. ढोबळी मिरची कापली की मोठ्या पाकळ्या, कांदा कापला की वर्तुळात वर्तुळं, कमळकाकडीच्या चकतीत भोकांची नक्षी, आणि सफरचंद नेहमीसारखं उभं न कापता आडवं कापलं तर मधोमध पाच टोकांची चांदणी दिसते, ही तर मोठ्यांनाही बघून मजा वाटते. जून भेंडी, जी भाजीत जात नाही, ती ठशाला सगळ्यात चांगली कारण ती दाबली तरी मोडत नाही.

इथे बऱ्याच लोकांचे ठसे नीट उठत नाहीत कारण भाजीचं पाणी आणि रंगाचं पाणी मिळून नुसता डाग पडतो. कापलेली बाजू आधी कोरड्या फडक्यावर दाबून पुसून घ्या. आणि रंग वाटीत नको, ताटलीत जुन्या सुती कापडाची चार पदरी घडी ठेवून त्यावर दाट रंग ओता, म्हणजे स्टॅम्प पॅड तयार झालं. मूल आधी तिथे दाबतं आणि मग कागदावर, रंग जेवढा हवा तेवढाच लागतो. बटाट्याचा ठसा कोरायचा असेल तर सुरीचं काम तुमचं, चौकोन-त्रिकोण एवढं साधं बास, आणि मागे काटा-चमचा खोचून द्या म्हणजे धरायला मूठ होते.

रंग घरी करायचा असेल तर चार चमचे कॉर्नफ्लॉवर दोन वाट्या थंड पाण्यात कालवून गॅसवर दाट होईपर्यंत हलवायचं, गार झालं की वाट्यांमधे वाटून खायचे रंग घालायचे. हाच बोटांनी रंगवायलाही चालतो, कागदाचीही गरज नाही, बाथरूमच्या टाईल्सवर रंगवू द्या आणि नंतर तिथेच पाणी ओतून आंघोळ. फ्रीजमधे तीन-चार दिवस राहतो. खायच्या रंगाने हात दोन दिवस गुलाबी राहू शकतात, लग्नकार्य असेल त्या आठवड्यात नको. ठशांना जुनी उशीची खोळ घेतली आणि फॅब्रिक कलर आणला तर आजीला द्यायला मस्त वस्तू होते.

हळदीचा लाल रंग

चार वर्षांच्या पुढच्या मुलांना हे जादूसारखं वाटतं. दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवून जाड कागदावर ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फासायची आणि कागद पूर्ण वाळू द्यायचा. मग अंगाच्या साबणाची जुनी चिपटी पाण्यात बुडवून त्या पिवळ्या कागदावर रेघ ओढायची. रेघ लाल उठते. आणि त्या लाल रेघेवर लिंबू पिळलं की परत पिवळी.

हळदीतला रंग क्षारी पदार्थ लागला की लाल होतो आणि आंबट लागला की पुन्हा पिवळा, एवढंच आहे. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची प्रक्रिया करूनच बनतं, आणि शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो ते पण हेच. चुना मात्र मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, त्वचेला आणि डोळ्याला वाईट, साबणाने काम होतं. मग मुलाला विचारा की अजून कशाने लाल होईल, आणि घरातलं एकेक आणून बघू द्या, खायचा सोडा, ताक, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी. एका कागदावर शेजारी शेजारी थेंब टाकत जायचं. पूर्ण दुपार जाते यात. कपड्यांवर हळद पडलीच तर साबणाने धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

रद्दी आणि लग्नपत्रिका

सगळ्यात लहान मुलांना नुसता पेपर फाडायला द्या. पेपर एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, हे त्यांचं त्यांना कळतं. फाडलेले तुकडे मोठ्या खोक्यात भरायचे, त्यात बसायचं, उधळायचे, मग गोळा करायचे. मोठ्या मुलांनी तेच तुकडे चित्रात चिकटवायचे आणि त्यासाठी फेविकॉल लागत नाही, खळ करा, दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात शिजवला की झाली. टोपी, होडी, पंखा हे तर आपल्या सगळ्यांच्या हातात आहेच.

लग्नपत्रिका फेकू नका हो. त्याच्याइतका जाड, चकचकीत, सोनेरी कागद विकत आणायचा म्हटलं तर महाग पडतो. बोथट टोकाच्या कात्रीने कापायला तो पातळ कागदापेक्षा सोपाही जातो कारण दुमडत नाही.

वह्यांना घालायचा खाकी कव्हरचा कागद उरलेला असतो त्यावर तांदळाची पिठी पाण्यात दाटसर कालवून काडीने चित्रं काढा, अगदी वारली चित्रासारखी दिसतात. खरी वारली चित्रं गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनेच काढतात, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करून. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचं अंग झालं, वर गोल डोकं, रेघांचे हातपाय, एवढं पाच वर्षांच्या मुलाला आरामात जमतं. हे दाखवताना ही पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांची कला आहे हे नक्की सांगा, आणि नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं मोबाईलवर काढून दाखवा, त्या एवढ्याशा आकृत्यांमधे कोण काय करतंय ते शोधण्यात मुलं रमून जातात.

किल्ला, फ्लॅटमधला

दिवाळीचा किल्ला करायला अंगण नाही म्हणून बरेच जण तयार प्लॅस्टरचा आणतात, आणि मला ते खरंच वाईट वाटतं कारण किल्ल्याची सगळी मजा चिखलात आहे. जुनी मोठी परात, टब किंवा ट्रे घ्या आणि बाल्कनीत ठेवा. मधे विटा, दगड किंवा उलटे डबे रचून उंची द्या, पाण्यात माती कालवून त्या चिखलात गोणपाट बुडवून ते वरून पांघरा, आणि वरून मातीचे हात मारा. थापायचं काम पूर्ण मुलांचं.

हिरवळीसाठी मोहरी चालते पण उतारावरून ती घरंगळते, म्हणून उतारावर अळीव पेरा. अळीव भिजवला की बुळबुळीत होतो त्यामुळे उभ्या भिंतीलाही चिकटून बसतो. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरायचा आणि पाणी ओतायचं नाही, नुसतं फवारायचं, नाहीतर सगळा गड खाली येतो. तटबंदी, पायऱ्या, बुरूज, गुहा, तळं, सगळं कुठे हवं ते मुलांना ठरवू द्या. विमानतळ हवा म्हणाले तर विमानतळ. तुमच्या गावाजवळचा एखादा किल्ला त्यांनी पाहिला असेल तर फोटो काढून बसा आणि दरवाजा कुठल्या बाजूला होता, पाण्याची टाकी कुठे होती ते मिळून शोधा.

आपण काय बोलायचं

प्रत्येक कागदाला "वा वा खूप छान" म्हटलं की मुलं थोड्या दिवसांनी आपल्या तोंडाकडे बघून चित्र काढायला लागतात. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला, "इथे तू निळा खूप दाबून लावलायस", "ही रेघ पार कोपऱ्यापर्यंत गेली की". "हे काय काढलंस" हा प्रश्न दोन-तीन वर्षांच्या मुलाला टाळा कारण बऱ्याचदा त्याने काहीच काढलेलं नसतं, त्याने नुसता रंग फिरवून बघितलेला असतो. हत्ती जांभळा असेल तर असू दे. आणि पाहुण्यांसमोर दुरुस्ती करायला तर अजिबात जाऊ नका.

सगळं जपून ठेवणं शक्य नाही. एका भिंतीवर दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा, सहा-सात कागद मावतील एवढीच, नवीन लावायचं असेल तर जुनं कुठलं काढायचं ते मुलाने ठरवायचं. काढलेल्याच्या मागे तारीख आणि मूल त्या चित्राबद्दल जे बोललं ते जसंच्या तसं लिहा, व्याकरण न सुधारता, आणि पाकिटात घालून गावाला आजी-आजोबांना पोस्टाने पाठवून द्या.