फेअरफोन घेतलात ना, मग तो नीट टिकवायचा कसा ते वाचा

फेअरफोन हा घरीच उघडून दुरुस्त करता येणारा स्मार्टफोन महाग वाटतो, आणि दोन वर्षांत बदलणार असाल तर खरंच नका घेऊ. तो बनवणारी अ‍ॅमस्टरडॅमची कंपनी 2013 पासून आहे, फोनमध्ये फेअरट्रेड सोनं (म्हणजे खाणकामगारांना रास्त दाम देऊन घेतलेलं) वापरते, असेंब्लीच्या कामगारांना पगारावर बोनस देते, पण खाणीतून एवढ्या कष्टाने काढलेला तो माल लवकर कचऱ्यात गेला तर काय उपयोग? म्हणून मी म्हणतो, फोनबरोबर एक बारीक फिलिप्स (अधिक चिन्हासारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर पण घ्याच.

सेकंडहँड घेत असाल तर आधी अपडेट कधीपर्यंत मिळणार ते बघा. 2015 च्या फेअरफोन 2 ला 2023 पर्यंत अपडेट मिळाले, आणि 2023 च्या फेअरफोन 5 ला 2031 पर्यंत द्यायचं कंपनीनं कबूल केलंय. नवीन घेतला तर रजिस्टर करायला विसरू नका, 5 वर्षांची वॉरंटी त्याशिवाय मिळत नाही.

पुढचं सगळं फेअरफोन 5 बद्दल. बॅटरी बदलणं अगदी सोपं, फोन बंद करा, मागचं कव्हर नखाने उचला, बॅटरी काढा, नवी बसवा, झालं. जादा बॅटरी ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून ठेवा, रिकामी पडून राहिली की खराब होते. फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू तर अजिबात नका, सरळ ई-कचऱ्यात द्या.

स्क्रीन फुटली तर मात्र घाई करू नका. आधी बॅकअप घ्या, फोन बंद करून बॅटरी काढा, मगच स्क्रू सोडवा, आणि ते कागदावर ज्या जागचे त्याच क्रमाने मांडत जा, कारण सगळे एका वाटीत टाकले की नंतर कुठला कुठे तेच कळत नाही. आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा म्हणजे अंगात साठलेली स्टॅटिक वीज, जी आतले भाग खराब करू शकते, ती निघून जाते. नवी स्क्रीन बसली की कव्हर लावायच्या आधी फोन चालू करून टच सगळीकडे चालतोय का बघून घ्या.

चार्जिंग नीट होत नसेल तर लगेच नवं पोर्ट (चार्जरची पिन घालायची जागा) मागवू नका!! फोन बंद करून लाकडी टूथपिकने आतला कापसासारखा मळ हलक्या हाताने काढा, बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

शेवटी कव्हर चारी कडांनी नीट दाबून बसवा, कारण फोन आयपी55 आहे, म्हणजे शिंतोडे चालतील, पाण्यात बुडवलेला चालणार नाही, आणि एक कड जरी उघडी राहिली तरी शिंतोडेही आत जातील.