लेकराच्या हाताला काम द्या

लेकराला घरकामात घ्यायचं तर सुरुवात मेथीच्या जुडीपासून करा, शेंगांपासून नको. शेंगा फोडायला बसवलं की लेकरू गुंतून राहतं हे खरं, पण चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकू शकतो आणि श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं. हरभरा, वाटाणा तर नाकात घालतात. ओलाव्यानं दाणा आतच फुगतो, मग दवाखान्याची धावपळ. पाचवं वर्ष सरलं की येळवशीच्या, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाच्या, आदल्या दिवशी भज्जी या मिसळीच्या भाजीसाठी तुरीच्या, हरभऱ्याच्या हिरव्या शेंगा सोलायला खुशाल बसवा. तोवर मेथीच बरी.

जुडी सोडून परातीत पसरा. चार काड्या हळू हळू खुडून दाखवा, आणि तेवढा वेळ बोलू नका. तुम्ही बोलायला लागलात की लेकरू तुमच्या तोंडाकडं बघतं, हाताकडं बघायचं राहून जातं. मग चार काड्या त्याच्यापुढं ठेवा. पानाबरोबर देठ येईल, अर्धी मेथी मांडीवर सांडेल. सांडू द्या. त्याची वाटी वेगळी ठेवा आणि त्यातली मेथी धुऊन त्याच्या डोळ्यांदेखत भाजीत घाला. परत निवडायचीच असेल तर ते उठून गेल्यावर निवडा. त्याच्यासमोर निवडलीत तर आपलं काम खोटं होतं हे त्याला लगेच कळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते परातीजवळ येत नाही.

लातूरला बालवाडी चालवताना मी हे शेकडो लेकरांत पाहिलंय, आता नातवंडांत पाहतेय. मोंटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, तिथं झाडणं, पुसणं, पाणी ओतणं हाही लहानग्यांचा अभ्यासच होता. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी लेकरांना शिकवताना आसपास मिळणाऱ्या वस्तूच हाताशी घेतल्या. घरात तर सगळं आहेच. खेळण्यातला भातुकलीचा संच आणण्यापेक्षा एक लहान तांब्या, एक लहान ताटली आणि झिजून आखूड झालेली केरसुणी लेकराच्या नावानं काढून ठेवा. त्याच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवा, म्हणजे दर वेळी मागावं लागणार नाही.

पाण्याचं काम लेकरांना सगळ्यात आवडतं, आणि आपल्याकडं तेच काम देताना बायांचा जीव खालीवर होतो. साहजिक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही लातूरकर कसं विसरू? म्हणून पिण्याचं पाणी देऊ नका, भाजी धुतलेलं द्या. अर्धा तांब्या भरून द्यायचा आणि तुळशीला घालायला सांगायचं. पूर्ण भरलेला तांब्या लेकराला पेलत नाही, अर्धा पेलतो. वाटेत सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या. एक मात्र कडक पाळा: साठवणीचे हौद, पिंप, बादल्या कायम झाकलेल्या हव्यात. बादलीत वीतभर पाणी असलं आणि लेकरू डोक्यावर पडलं, तर त्याला आपलं आपण बाहेर येता येत नाही.

आता भाकरी. ज्वारीच्या पिठात गरम पाणी तुम्हीच घाला. पीठ मळून कोमट झालं की लिंबाएवढा गोळा लेकराला द्या, बसायला चुलीपासून दूर, ताटलीत सुकं पीठ भुरभुरून. पहिल्यांदा ते फक्त दाबेल. मग बोटं उमटवेल, मग एखाद्या दिवशी तळहातानं थापून ताटली फिरवायला लागेल. हे कुणी शिकवत नाही, रोज बघून येतं. कडा फाटल्या तरी तुम्ही जुळवू नका. ती चानकी तव्यावर तुम्ही टाका, भाजा आणि जेवताना घरातल्या मोठ्या माणसाच्या ताटात वाढा. आजोबांनी ती दुधात कुस्करून खाल्ली की लेकराचं तोंड बघण्यासारखं असतं. आणि हा गोळा नातवालाही द्या, फक्त नातीला नको. आमच्या पिढीनं पोरांना चुलीपाशी फिरकू दिलं नाही, त्याचा भार पोरींनी उचलला.

रुमाल घडी करणं, चपला जोडीनं लावणं, वाळलेले कपडे आत आणणं ही कामं सोपी आहेत, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. विळी, सुरी, फिनेल, गरम तवा यांना हात नाही, एवढं बजावून ठेवा.

सकाळी डब्याच्या घाईत लेकराला कामाला घेऊ नका, तुम्ही चिडाल. संध्याकाळची वेळ बरी. कंटाळून मध्येच उठलं तर जाऊ द्या. खाऊचं आमिष दाखवू नका, नाहीतर पुढं प्रत्येक कामाला खाऊ मागेल. "किती हुशार माझं सोनं" असं दर वेळी म्हणायचीही गरज नाही. "तू निवडलेली मेथी संपली बघ" एवढं पुरतं.

पाचेक वर्षांचं झालं की पाहुण्याला पाणी द्यायचं काम त्याच्याकडं सोपवा. पेला अर्धाच भरायचा, दोन्ही हातांनी धरायचा. पाहुण्यालाही सांगा, उठून घ्यायला येऊ नका, तो तुमच्यापर्यंत आणतोय.