कापडी बाहुली शिवताना या चुका टाळा

तयार कापडी बाहुलीत जो दोष दिसतो, तो बहुतेक वेळा दिसतो तिथे झालेला नसतो. मान लुळी पडली की आपण मानेलाच टाके घालत बसतो आणि शिवण उसवली की त्याच जागी पुन्हा टीप मारतो; परंतु दोषाचे मूळ कापड बेतताना किंवा भरण भरताना राहून गेलेले असते, आणि तिथे जाऊन ते शोधले नाही तर पुढच्या बाहुलीतही तोच दोष येतो.

पहिली चूक म्हणजे नवे सुती कापड न धुता वापरणे. त्यात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. बाहुली शिवून झाल्यावर धुतली, तर कापड आटते पण आतले भरण तेवढेच राहते, आणि सगळा ताण शिवणींवर येतो. कापड गडद रंगाचे असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का हेही आधीच पाहावे.

पाय वेडेवाकडे होण्याचे कारणही कापण्यातच असते. सुती कापड उभ्या धाग्यात जवळजवळ ताणले जात नाही, आडव्या धाग्यात थोडे ताणते आणि उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेत, सर्वाधिक. कापड वाचवण्याच्या नादात एक पाय उभ्या धाग्यात आणि दुसरा तिरका बेतला, तर भरल्यानंतर दोन्ही पायांची लांबी व जाडी जुळत नाही आणि तिरका कापलेला पाय पिळवटतो. दोन्ही पायांची लांबी उभ्या धाग्यातच ठेवावी. यात थोडे कापड वाया गेले तरी चालेल.

कपड्यांसाठी वापरतो तो साधारण 2.5 मिलिमीटरचा टाका बाहुलीला मोठा पडतो. भरणाच्या दाबाने टाक्यांमधून फटी दिसू लागतात, म्हणून टाका 1.5 ते 2 मिलिमीटरचा ठेवावा. हाताने शिवत असाल तर नुसता धावदोरा पुरत नाही, उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन) घालावी. शिलाईसाठी सुमारे 6 मिलिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरचे जास्तीचे कापड, सोडावी आणि मान, काख, अंगठा अशा आतल्या वळणांवर टिपेच्या अगदी जवळपर्यंत बारीक काप द्यावेत; हे काप राहिले की सुलट केल्यावर तिथे सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. भरणासाठी ठेवायचे तोंड, म्हणजे न शिवलेली फट, पाठीच्या सरळ भागावर ठेवावे, वळणावर नको.

खरा कस लागतो तो भरण भरताना. पॉलिएस्टर फायबरचे छोटे छोटे गोळे करून आत ढकलले, तर ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि बाहेरून प्रत्येक गोळा गाठीसारखा जाणवतो. त्याऐवजी फायबर हाताने पिंजून मोकळे करावे आणि मोठा, सलग पुंजका घालावा. चिमूटभर भरण फक्त बोटांसारख्या अरुंद जागांपुरते. सुरुवात नेहमी भरणाच्या तोंडापासून सर्वांत दूरच्या टोकाकडून करावी. डोके आणि धड एकसंध असेल, तर आधी डोके, मग मान, मग खांदे आणि शेवटी पोट, असा क्रम असतो. मानेत भरण इतके घट्ट बसले पाहिजे, की दोन बोटांच्या चिमटीत धरल्यावर ती दबू नये. मान तरीही डुलत असेल, तर पाठीची शिवण उसवावी आणि बोथट काडीने मानेच्या मध्यातून डोक्यापर्यंत नवे भरण सरकवावे. कडेने ढकलले, तर तेवढाच टेंगूळ येतो. मानेत लाकडी काडी बसवण्याचा उपाय शोभेच्या बाहुलीपुरताच ठेवावा. मुलांच्या हातात जाणाऱ्या बाहुलीत तो मला धोक्याचा वाटतो, कारण काडी मोडली की तिचे टोक कापडाबाहेर येऊ शकते. बाहुलीला बसवायचे असेल, तर पायाच्या वरच्या टोकाला सुमारे 1 सेंटिमीटर जागा रिकामी सोडावी.

चेहऱ्याबाबत सर्वांत नेहमीची चूक म्हणजे डोळे फार वर घेणे. त्यामुळे बाहुली थोराड दिसते. डोक्याच्या उंचीच्या मध्यावर एक आडवी रेघ कल्पावी आणि डोळे त्या रेघेवर किंवा किंचित खाली घ्यावेत. डोके भरून झाल्यावर गोल डोक्याच्या दोन टाचण्या टोचून लांबून पाहिले, तर जागा चुकली आहे का ते लगेच कळते. टाचण्या हलवणे सोपे असते, भरतकाम उसवणे नाही. पाण्याने पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या खुणांवर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने त्या पक्क्या होतात. रंगवायचे असल्यास रंग पातळ करू नये, कारण तो धाग्याधाग्यातून पसरतो.

लोकरीचे केस गोंदाने चिकटवण्यापेक्षा भांगाच्या रेषेवर शिवावेत.

डोळ्यांसाठी बटणे वापरायची की नाही, हे बाहुली कोणासाठी आहे यावर ठरवावे आणि तेही कापड कापण्यापूर्वी. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्यात पूर्णपणे मावणारा सुटा तुकडा 3 वर्षांखालील मुलांसाठी धोकादायक मानला जातो. कपड्याचे साधे बटण त्यात सहज मावते. त्यामुळे लहान मुलासाठी डोळे भरतकामाचेच करावेत. शेवटचे तोंड शिवण्याआधी टाचण्या आणि सुया मोजाव्यात. एखादी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत बाहुली बंद करू नये.