शेअर केलेला फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडत नव्हता: माझा अनुभव

दोन्ही संगणक विंडोजचे, एकाच राउटरवर, इंटरनेट व्यवस्थित. तरी फोल्डर उघडेना. अशा वेळी फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) सरसकट बंद करू नका. त्याने दोष सापडत नाही, संगणक मात्र उघडा पडतो.

आधी संगणकाच्या नावाचा प्रश्न बाजूला काढला. फोल्डर असलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा चालवून आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) घेतला आणि दुसऱ्यावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघांनंतर (\\) तोच टाकला. पत्त्याने उघडलं तर फायरवॉलमधली फाइल शेअरिंगची वाट मोकळी आहे, अडचण नाव शोधण्यात आहे. इथे पत्त्यानेही उघडलं नाही. नुसत्या पिंगवर (दुसरा संगणक उत्तर देतो का ते पाहणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका; पिंग अडवलेलं असूनही शेअरिंग चालू शकतं.

खरं कारण फोल्डर असलेल्या संगणकाचं नेटवर्क प्रोफाइल, म्हणजे विंडोज त्या नेटवर्कवर किती विश्वास ठेवतं ते ठरवणारी सेटिंग. ते 'पब्लिक' होतं, आणि त्यात विंडोज बाहेरून येणारं फाइल शेअरिंग सहसा अडवतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमधून ते 'प्रायव्हेट' केलं. मग फायरवॉलच्या परवानगी यादीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'समोर फक्त प्रायव्हेटची खूण ठेवली. यासाठी टीसीपी पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगची जोडणी ज्यातून येते ते क्रमांकाचं दार) लागतं. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही हेच पाहावं लागतं.

आता पासवर्डची चौकट आली. तिथे पिन चालत नाही, फोल्डर असलेल्या संगणकावरच्या खात्याचा पासवर्डच हवा. फाइल उघडते पण सेव्ह होत नसेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधले 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' हे दोन्ही टॅब बघा. दोन्हींतली कडक परवानगी लागू होते.

एक संगणक गेस्ट वायफायवर असेल तर बहुतेक राउटर त्याला बाकीच्यांपासून वेगळाच ठेवतात.