पेट शॉपमध्ये एकटी सोडलेली मुलं: काय बदललं

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात खरेदीला आलेले पालक "मासे पाहत बस" म्हणून मुलांना दुकानात सोडून जातात. मे महिन्यात कूलरच्या हवेसाठी आणखी मुलं येतात. ओरडून उपयोग नाही, मांडणीच बदलावी लागते.

सशांचे पिंजरे खालच्या फळीवरून साडेचार फुटांवर नेले. खाली खाद्याच्या गोण्या. साधी कडी लहान पोरही सरकवतं, म्हणून दारांना स्प्रिंगचे हूक लावले. सशाला सगळ्यात जपा. उचलताना मागचे पाय लोंबकळले की तो जोरात लाथ झाडतो आणि त्यात त्याचाच कणा मोडू शकतो. ससा हाती द्यायचाच तर मूल जमिनीवर मांडी घालून बसलेलं हवं.

काच ठोकली की मासे बिथरतात, कोपऱ्यात दडतात, खाणं सोडतात. टाक्यांपासून दोन फुटांवर आडवा पाइप लावला, हात पोचत नाहीत. हीटर-पंपाच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

एकट्या मुलाला बाहेर कधीच काढू नका, रस्त्यावर गाड्या असतात. "कोणासोबत आला रे बेटा?" विचारायचं, काउंटरजवळ स्टुलावर बसवायचं, नंबर घेऊन फोन लावायचा: "ताई, मुलगा इथं आहे, पण जनावरं चावतात. लवकर या." हे रागावून बोललं की भांडण, काळजीनं बोललं की बहुतेक जण लगेच येतात.

कुत्र्याचं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. पालकांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.