गाठ फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी

मेडिसिन किंवा हिमॅटोलॉजीला नुकतेच लागलेल्या रेसिडेंटसाठी हे लिहिते आहे. ताप, वजन घटणं, गाठी, कमी झालेल्या रक्तपेशी यांची कारणं तुम्हाला पाठ असतील. वॉर्डपासून लॅबपर्यंतच्या वाटेवर काय होतं हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि माझ्या अनुभवात निदान सर्वाधिक वेळा तिथेच हरवतं.

मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, खंगलेलं शरीर. मुंबईत असा पेशंट आला की आधी टीबी आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) अगदी याच रूपात येतो, कधी हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा संसर्गसुद्धा. मग गाठ काढायचं ठरतं. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, फॉर्मलिनची (नमुना टिकवणाऱ्या रसायनाची) बाटली तयारच असते. सुपारीएवढी गाठ निघते आणि अख्खी त्यात जाते. बस्स, निम्म्या तपासण्या तिथेच संपल्या. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे टीबीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) गेलं, बुरशीचंही गेलं. पेशीही जिवंत राहत नाहीत, म्हणजे फ्लो सायटोमेट्री (जिवंत पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी तपासणी) गेली. मग रिपोर्ट येतो ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’, म्हणजे गाठीत दाहाचे पुंजके आहेत एवढंच. टीबी असेल तर तो रेझिस्टंट आहे का, की मुळात टीबीच नाही, हे ठरवायला हातात काही उरत नाही. असे रिपोर्ट घेऊन मी नातेवाइकांसमोर उभी राहिले आहे. ‘म्हणजे परत कापणार का, मॅडम?’ या प्रश्नाला धड उत्तर नसतं.

म्हणून गाठ निघताना ओटीत स्वतः हजर राहा. वॉर्डबॉय मामांच्या हाती फॉर्म पाठवून भागत नाही. सर्जनला आधी सांगून ठेवा. निर्जंतुक ब्लेडने गाठ मधोमध कापून घ्या आणि कापलेली बाजू दोन-तीन काचपट्ट्यांवर हलकेच टेकवा. एक तुकडा निर्जंतुक बाटलीत, थोड्या सलाईनमध्ये, मायक्रोबायोलॉजीला द्या: सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी), टीबी कल्चर, बुरशी. दुसरा छोटा तुकडा फ्लोसाठी ताजाच पोचवा. उरलेला मोठा भाग फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, कारण लिम्फोमाचा प्रकार ओळखायला गाठीची रचना दिसावी लागते. म्युकरची (‘काळ्या बुरशी’ची) शंका असेल तर फॉर्मवर ‘तुकडा कुटू नये’ असं ठळक लिहा. त्या बुरशीचे रुंद तंतू कुटल्यावर तुटतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. बोन मॅरोचंही तसंच. कल्चर लावायचं असेल तर ते सुई घालण्याआधी ठरवा, नंतर आठवून उपयोग नाही.

‘ताप उतरत नाही, डेक्साचा एक डोस देऊन बघू’ हा स्टिरॉइडचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही, मग तो कितीही मोठ्या सरांनी सुचवलेला असो. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ काही दिवसांत विरघळू शकते आणि बायोप्सी मुकी होते. स्ट्राँगिलॉइड्स या जंताचा संसर्ग लपलेला असेल तर तो अंगभर पसरतो. ‘एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून बघू’ हेही त्याच जातीचं. गाठीमुळे श्वास अडकत असेल किंवा टीबी मेनिंजायटिस दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जीव आधी.

हे वाचून प्रत्येक वेळी थांबून राहायची सवय लावून घेऊ नका. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली आणि ताप ३८.३ सेल्सिअस: ब्लड कल्चर घ्या आणि तासाच्या आत अँटिबायोटिक द्या. रक्ताच्या स्मिअरमध्ये ऑअर रॉड्स (पेशीतल्या बारीक काड्या) भरलेले प्रोमायलोसाइट आणि हिरड्यांतून रक्त, म्हणजे एपीएल या ल्युकेमियाची शंका: एट्रा हे औषध त्याच रात्री, पीएमएल-रारा हा जनुकीय रिपोर्ट मागाहून येईल. ल्युकेमियाच्या किंवा डायबेटिसच्या पेशंटच्या तोंडातल्या टाळूवर काळा डाग, म्हणजे म्युकरची शंका: लायपोसोमल अँफोटेरिसिन आणि ईएनटीला फोन, दोन्ही त्याच दिवशी. व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध म्युकरवर चालत नाही.

पावसाळ्यात आणखी एक करा. जुलै-ऑगस्टमध्ये प्लेटलेट वीस हजार दिसले की सगळा वॉर्ड डेंग्यू म्हणतो, आणि बहुतेकदा तो असतोही. पण काउंटरचं मशीन ब्लास्टना (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशींना) मोनोसाइट किंवा लिम्फोसाइट म्हणून मोजू शकतं. स्मिअर स्वतः मायक्रोस्कोपखाली बघा. सुरुवातीला काही कळणार नाही, त्याने खचू नका. रोज थोड्या पट्ट्या बघितल्या की डोळा बसतो, सगळ्यांचाच बसतो. माझं मत विचाराल तर राउंडवरच्या भाषणांपेक्षा मायक्रोबायोलॉजीच्या टेक्निशियनशेजारी दुपारी अर्धा तास बसणं जास्त शिकवतं. नमुना किती वाजेपर्यंत घेतात, शनिवारी फ्लो लागतो का, हे त्यांनाच माहीत असतं.

आणि पेशंटला परळला टाटा मेमोरियलला पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका. तिथे स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) पुन्हा तपासतात. जळगाव-नांदेडहून आलेले लोक बाहेर फुटपाथवर मुक्काम करून असतात. ब्लॉकसाठी त्यांना परत तुमच्या हॉस्पिटलला धावायला लावू नका. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच पॅथॉलॉजीत अर्ज द्या, ब्लॉक नंबर चिठ्ठीवर लिहा आणि फ्लोचा रिपोर्ट सोबत जोडा.