अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच व्हायचंय? या चुका टाळा

मार्च महिना लागला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरी रंगते आणि त्याच सुमारास हेड कोचच्या हकालपट्ट्याही सुरू होतात. हेड कोच गेला की बहुतेक वेळा त्याचे असिस्टंटही जातात, मग त्यांनी काम कितीही चोख केलेलं असो. पगार, घरच्यांचा आरोग्यविमा, मुलांची शाळा असं सगळं एका माणसाच्या हार-जितीला बांधलेलं असतं. या वाटेवरच्या बहुतेक चुका ही गोष्ट नीट न उमगल्यामुळे होतात.

कॉलेजचं नाव पाहून नोकरी धरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोठ्या नावाच्या कॉलेजात कोपऱ्यातली खुर्ची मिळते, पण तिथे सरावात बोलायला मिळत नाही आणि हेड कोच शिकवतही नाही. जिथे काम हातात पडतं, तिथे जावं.

ब्रॅड स्टीव्हन्स यांनी 2000 मध्ये एलाय लिली या औषध कंपनीतली नोकरी सोडली आणि बटलर या तुलनेने लहान विद्यापीठात पडेल ते काम धरलं. पुढच्या वर्षी ते असिस्टंट झाले. 2007 मध्ये हेड कोच टॉड लिकलायटर आयोवा विद्यापीठात गेले, तेव्हा विद्यापीठाला बाहेर शोध घ्यावा लागला नाही. स्टीव्हन्स वयाच्या तिशीत हेड कोच झाले आणि 2010 व 2011 अशी सलग दोन वर्षं त्यांनी बटलरला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. साहेब सोडून गेल्यावर इतरांची नोकरी जाते, इथे तर तीच संधी ठरली, कारण विद्यापीठ त्यांना त्यांच्या कामावरून ओळखत होतं.

टॉमी लॉइड यांची वाट लांबची होती. गोंझागा विद्यापीठात हेड कोच मार्क फ्यू यांच्या हाताखाली त्यांनी जवळपास वीस वर्षं असिस्टंट म्हणून काढली. लिथुआनियाचा डोमांतास साबोनिस, जपानचा रुई हाचिमुरा असे परदेशी खेळाडू गोंझागाकडे आणण्यात त्यांचा मोठा हात होता. 2021 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने त्यांना हेड कोच केलं आणि पहिल्याच हंगामात संघ 33 सामने जिंकला, फक्त 4 हरला. वीस वर्षं एका जागी थांबणं वाया गेलं नाही, कारण त्या काळात त्यांनी स्वतःचं असं एक क्षेत्र उभं केलं होतं. अशी शिदोरी जमत नसेल, तर मात्र थांबण्याचा फेरविचार करावा.

‘पोरं आणणारा’ एवढीच ओळख होऊ देणं

खेळाडू आणता येतात म्हणून नोकरी मिळते आणि पुढे तेवढंच काम गळ्यात पडतं. जुलैमधल्या शालेय खेळाडूंच्या स्पर्धा, प्रवास, पालकांचे फोन यांत वर्ष निघून जातं. मग हेड कोचपदाच्या मुलाखतीत विचारतात, ‘तुमचा बचाव कसा असेल?’ आणि उत्तर तयार नसतं. कृष्णवर्णीय असिस्टंटना हा शिक्का विशेष सोसावा लागला आहे, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे.

यावर उपाय म्हणजे स्काउट, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाच्या अभ्यासाचं काम, मागून घेणं. बहुतेक संघांत प्रतिस्पर्धी असिस्टंटमध्ये वाटून दिलेले असतात. ज्याच्याकडे ज्या संघाचा स्काउट, त्याने त्यांचे व्हिडिओ पाहायचे, त्यांच्या चाली काढायच्या, कुणी कुणाला अडवायचं ते ठरवायचं आणि ते खेळाडूंसमोर मांडायचं. आपले स्काउट जपून ठेवा, सामन्यानंतर त्यातलं काय चुकलं ते लिहा. 2023 पासून डिव्हिजन वन या कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या स्तरावर आणखी दोन जणांना मैदानावर प्रशिक्षण देण्याची मुभा आहे. त्यामुळे पूर्वी फक्त ऑफिसात बसणाऱ्यांनाही आता शिकवायची जागा मिळू शकते.

‘सगळेच करतात’ म्हणून नियम मोडणं

सप्टेंबर 2017 मध्ये ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) या संघांच्या चार असिस्टंटना एफबीआयने अटक केली. पैसे घेऊन खेळाडूंना ठराविक सल्लागारांकडे वळवल्याचा आरोप होता. चौघांनीही गुन्हा कबूल केला. त्या प्रकरणात एकाही हेड कोचवर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. शिक्षा कुणाच्या वाट्याला येते, हे यावरून ओळखावं.

किरकोळ वाटणारा नियमही आडवा येतो. 2007 मध्ये इंडियाना विद्यापीठाचे असिस्टंट रॉब सेंडरॉफ यांना खेळाडूंना केलेल्या नियमबाह्य फोनांच्या प्रकरणात पद सोडावं लागलं आणि कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्यांच्यावर 30 महिन्यांची बंधनं घातली. 2012 मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलमधली फोनवरची मर्यादाच शिथिल झाली, पण झालेली शिक्षा काही पुसली गेली नाही. केंट स्टेट विद्यापीठाने विश्वास ठेवला म्हणून ते सावरले आणि 2011 मध्ये तिथेच हेड कोच झाले. दरवेळी कुणी असा विश्वास दाखवेलच असं नाही. शंका आली की फोन लावण्याआधी कॉलेजच्या नियमपालन विभागाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

खालच्या डिव्हिजनला नाक मुरडणं

हेड कोच बेन मॅककॉलम यांनी डिव्हिजन टू या खालच्या स्तरावरच्या नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटला चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यानंतर 2024 मध्ये ड्रेक आणि 2025 मध्ये आयोवा या डिव्हिजन वनमधल्या विद्यापीठांनी त्यांना बोलावलं. डिव्हिजन वनमधला तिसरा असिस्टंट होण्यापेक्षा छोट्या कॉलेजात स्वतः निर्णय घेणं अनेकांसाठी चांगलं.

हेड कोचला काढलं, आता काय?

आधी खेळाडूंशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोला, त्यांनाही धक्का बसलेला असतो. त्यांना आपल्याबरोबर दुसरीकडे ओढू नका. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत, नाव नसलेल्या खेळाडूशी दुसऱ्या संघाने संधान बांधणं नियमबाह्य आहे. मग करार वाचा. उरलेला पगार मिळतो का, नवी नोकरी लागल्यावर तो कापला जातो का आणि विमा कधीपर्यंत चालतो, हे सही करतानाच विचारलेलं असावं. पगाराबद्दल बोलताना संकोच नको. 1990 च्या दशकात एनसीएएने प्रत्येक संघातल्या एका असिस्टंटचा पगार वर्षाला 16,000 डॉलरवर बांधला होता. कोच न्यायालयात गेले, जिंकले आणि 1999 मध्ये 5.45 कोटी डॉलरची तडजोड झाली.

नवा हेड कोच आपली माणसं आणतो, पण खेळाडूंना ओळखणाऱ्या एखाद्याला ठेवूनही घेतो. त्याला भेटायला जाताना प्रत्येक खेळाडूवर एकेक पान लिहून न्या.

भारतातून जाऊन ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाचं काम करणारा) म्हणून सुरुवात करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं आणि बास्केटबॉलचं काम त्याहून सहज वाढतं. ‘जादा तास स्वयंसेवा म्हणून दाखवू’ असं कुणी तोंडी सांगितलं तर ऐकू नका. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर आल्यावरच जिममध्ये पाऊल टाका.